तडा थांबवणारा दत्तादा

दत्तादा गेल्याचा निरोप आला आणि मी स्कूटर काढून थेट पालीला, त्याच्या दुकानापुढे जाऊन उभा राहिलो. शटर बंद दिसलं, तर सवयीने दोनदा हॉर्नही दिला. शेजारचा चहावाला बाहेर येऊन म्हणाला, "काका, त्यांना घरी ठेवलंय... तुम्ही इकडे कुठे?" गेलेल्या माणसाला हॉर्न देऊन बोलावणारा मी जिल्ह्यात बहुधा एकटाच. त्याला आज तीन आठवडे झाले.

दत्ताराम माझा मावसभाऊ, दोन वर्षांनी मोठा. जयगडच्या बंदरावर पाइपांचं वेल्डिंग करण्यात त्याची नोकरीची वर्षं गेली, मग पालीत स्वतःचं दुकान टाकलं. गेटं आणि ग्रिलं यांवर पोट चालायचं. जीव मात्र फुटक्या झांजांत. झांजेच्या काशाला वेल्डिंग सोसत नाही, ताप लागला की आणखी तडकतं, असं सगळे सांगायचे. हा मोडक्या तुकड्यांवर हात बसवत राहिला. आधी आमसुलाच्या पाण्याने झांज घासायची, म्हणजे केसाएवढा तडाही दिसतो. तडा जिथे संपतो तिथे सुईएवढं भोक पाडायचं. "नायतर तो पुढे पळतो रे. आधी त्याला थांबवायचा, मग सांधायचा." मग झांज हळूहळू तापवून, काशाचीच काडी घेऊन, आर्गन वायूच्या आडोशाने थेंब थेंब टाका घालायचा. शेवटी भाताच्या तुसाच्या गरम राखेत पुरून ठेवायची, सावकाश निवायला. तो बघू नको म्हणाला की मी हमखास ठिणगीकडे बघायचो आणि मग डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून पडून राहायचो. तो यायचा, चकत्या बघायचा आणि म्हणायचा, "बाळ्या, तेल-मीठ लावलंस काय?"

गेल्या शिमग्याआधी मी पाहिलं, तो तड्याचं टोक नखाने चाचपून शोधत होता. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पुढे गावकीची बैठक भरली. पालखीपुढच्या झांजा दत्तारामकडे सांधायला द्यायचा विषय निघाला आणि माझ्या जिभेला खाज सुटली. म्हटलं, "त्याला आता झांज कुठली नि ताटली कुठली कळतंय काय? परवा माझ्या पोह्यांच्या बशीला भोक पाडत होता!" सगळं देऊळ हसलं. दत्तादाही हसला. गावकीचे प्रमुख गावकर म्हणाले, "दत्ताराम, यंदा नव्याच घेऊ. तुला तरास नको." त्यानंतर त्याच्याकडे एकही झांज आली नाही.

शिमगा झाल्यावर त्याने ऑपरेशन करून घेतलं. मी भेटायला गेलो तर मला दारातच थांबवून म्हणाला, "शर्टाचं तिसरं बटण वेगळ्या दोऱ्याने शिवलंयस." खरंच होतं. मग म्हणाला, "गावात एकदा सांग हां, मला दिसतंय आता. मी सांगितलं तर काम मागितल्यासारखं होईल... तू बोललास तर ऐकतात."

हो म्हटलं. आणि बोललो नाही. विसरलो असंही नाही. चार माणसं जमली की माझ्या तोंडात बशीचाच किस्सा यायचा, कारण त्याला हशा होता. दत्तारामचे डोळे बरे झाले, यात हसण्यासारखं काय होतं? गणपती आले, गेले. त्याची तुसाची पिंपं दुकानात तशीच भरलेली असायची. तो गेटं जोडत होता, मला चहा पाजत होता. पुन्हा कधी त्याने विषय काढला नाही. मला वाटलं, सोडून दिलं असेल त्याने. मग एका सकाळी छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं.

तेराव्याला जेवणं झाल्यावर मी एकदाचं बोललो. त्याला स्वच्छ दिसत होतं, मीच सांगायचा राहिलो. कुणी हसलं नाही. गावकर हातावरचं पाणी झटकत म्हणाले, "अरे, मग आधी सांगायचास ना. भजनाच्या तीन जोड्या तडकून पडल्यात देवळात. आम्ही उगाच त्याला संकोचात टाकायला नको म्हणून..."

परतताना सुमन, माझी बायको, स्कूटरवर मागे बसली होती. घरी आल्यावर तिने पायांवर पाणी घेतलं, आणि तांब्या हातात तसाच धरून म्हणाली, "दर रविवारी दत्तादादा मला फोन करायचे. 'बाळ्या बोलला काय गो गावात?' तुम्ही खोटे पडू नये म्हणून मी दरवेळी सांगत आले, हो, बोललेत."