गोदाक्काची जागा

काशीबाई पुन्हा मध्येच थांबल्या. तबकडी फिरत होती, सुई नुसतंच मेण कोरत होती. मी हात वर केला. हाही टेक वाया गेला.

हैदराबादेत एका रेकॉर्ड कंपनीत मी रेकॉर्डिस्ट होतो. तेव्हा गाणं मेणाच्या तबकडीवर एका दमात उतरवायचं. मध्ये चुकलं की तबकडी बाद. काशीबाई बेंबळीच्या. नवऱ्याला गिरणीत काम लागलं म्हणून इकडं आलेल्या. एका लग्नात त्यांचं गाणं ऐकून कंपनीच्या साहेबांनी बोलावलं होतं. रेकॉर्ड जमली तर गायिका, नाहीतर परत चुलीपुढं.

"बाई, ओळ संपली की लगेच पुढची घ्या ना!" साहेब वैतागले.

"घेते की. पर आदी अक्का म्हनंल, मग म्या."

मग उलगडा झाला. ज्वारीच्या काढणीला काशीबाई लहानपणापासून पुढं गायच्या आणि थोरली बहीण गोदाक्का झील धरायची, म्हणजे मागून जबाब द्यायची. त्याशिवाय पुढची ओळ यांच्या गळ्यात येतच नसे.

"मग अक्कांना बोलवून घ्या," साहेब म्हणाले.

"कशी यील? रझाकारांनी रस्ते रोखल्यात. जिती हाय का न्हाय, तेबी ठावं न्हाय."

साहेबांनी त्या जागी पेटी वाजवायला सांगितली. काशीबाईंनी पेटीवर हात ठेवला. "ही अक्काची जागा हाय. हितं पेटी नगं."

"साहेब, जागा मोकळीच ठेवू," मी म्हणालो. "बाई, अक्का म्हणतील तेवढा वेळ थांबा, मग पुढं चला."

"लोक म्हणतील रेकॉर्ड बिघडली. तुमच्या जबाबदारीवर करा."

रेकॉर्ड धडाक्यात चालली. गिरणीपुढल्या हॉटेलांत गिऱ्हाइकं मोकळ्या जागी स्वतःच झील धरत. काशीबाईंना जलसे मिळाले, रेडिओचं बोलावणं आलं. गाव तेवढं भेटेना.

रस्ते खुले झाले तेव्हा त्यांना दिवस गेलेले, प्रवास मना. मी कंपनीच्या कामाला त्या बाजूला निघालो होतो. "तेवडी अक्का बघून या," त्या म्हणाल्या.

बेंबळीत गोदाक्का सुखरूप होत्या. मी ओट्यावर सोबत नेलेल्या ग्रामोफोनला चावी दिली, काशीबाईंची रेकॉर्ड लावली. पहिली ओळ संपली आणि कुणी न सांगता त्यांनी झील धरली, अगदी मोकळ्या जागेत बसेल अशी.

"वाट बगती व्हय माजी? परत लावा," त्या म्हणाल्या.

परतल्यावर स्टुडिओत काशीबाईंना सगळं सांगितलं.

"कशी म्हनली? म्हनून दावा की."

आवाज पकडायचं मशीन गावाला नेण्याजोगं नव्हतं. माझा गळा भसाडा. तरी म्हटलं. काशीबाई हसता हसता रडल्या आणि त्यांनी पुढची ओळ घेतली. तशी त्यांनी एकाही टेकमध्ये घेतली नव्हती.

मशीन बंद होतं. चांगले टेक बहुधा असेच जातात.