लांबी भरलेली गाडी

पिरंगुटच्या नाक्यावरचा तो फिटर कुठल्याही प्रश्नाला "बगू की" म्हणायचा. गाडी आज दुरुस्त होईल का? बगू की. पाऊस येईल का? बगू की. धड होकार नाही, धड नकार नाही. अशा माणसांचा मला संताप येई.

माझ्या भावाला कोळवणच्या एका बंगलेवाल्या साहेबांची जुनी, दोन सीटची स्पोर्ट्स कार घ्यायची होती. गाडीचं किरकोळ काम होतं, तेही करून घेतलंय, असं साहेब म्हणत. गाडी दाखवायला त्यांनी बंगल्यावर त्याच फिटरला बोलावलं. त्याला निम्मी कामं त्यांच्याकडूनच मिळत, त्यांची जीपही तोच बघायचा; त्यामुळे तो काय सांगणार हे मी धरूनच चाललो होतो.

"सांग रे, गाडी ठणठणीत आहे ना?" साहेबांनी विचारलं. भावाच्या हातात चावी होती.

फिटर उकिडवा बसला. दाराखालच्या चकचकीत लाल रंगावर त्यानं स्क्रूड्रायव्हर टेकवून दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला.

"आत पत्राच न्हाई, दादा. गंजल्याली भोकं नुसती लांबीनं, म्हंजी पुट्टीनं, भरून वर रंग मारलाय," तो भावाला म्हणाला. "मीच मारलाय, गेल्या हप्त्यात. घाटात मधूनच मोडंल ही."

"उद्यापासून माझ्या जीपला हात लावायचा नाही!" साहेब ओरडले.

"बरं. पन दुसऱ्या कुनाकडनं तिचे ब्रेक तेवढे आवळून घ्या, साहेब. लई ढिले झाल्यात."