पिलारच्या स्वयंपाकघरात शांतम्मा

उदगीरच्या शांतम्मा साठीनंतर पहिल्यांदा विमानात बसल्या, त्या लेकीच्या बाळंतपणासाठी. लेक अक्षरा नवऱ्याच्या नोकरीपायी स्पेनमधल्या सेव्हिल शहरात राहत होती. शांतम्मा पक्क्या लिंगायत. लिंगपूजेआधी पाण्याचा घोट घेत नसत; मांस-अंडं तर घरात कधी आलंच नव्हतं.

तिथं नुसतं ‘मटण नको’ म्हणून भागेना. बटाट्याच्या जाड पोळीत अंडं, कोशिंबिरीवर मासा, बिस्किटात डुकराची चरबी. अक्षरा पुड्यावरची बारीक अक्षरं वाचायची, मगच आईच्या हातात द्यायची.

एकदा शेजारची पिलार बाळंतिणीसाठी काबुली चण्यांची आमटी घेऊन आली. मांस नाही, असं तिनं खुणेनं सांगितलं. शांतम्मांनी दोन घास चवीनं खाल्ले. तेवढ्यात बाळाला पाजून अक्षरा बाहेर आली. वासानंच तिचा चेहरा उतरला.

“अव्वा, थांब. हाड घालून शिजवलंय. तिनं तुकडे तेवढे काढलेत.”

शांतम्मांनी चमचा खाली ठेवला. चूळ भरली, डोक्यावरून आंघोळ केली, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन बराच वेळ पूजेला बसल्या. त्या दिवशी जेवल्या नाहीत.

पिलारला कळलं, तशी ती दारात येऊन रडू लागली. तुकडे काढले की मांस गेलं, असंच तिला वाटत होतं.

“तिला म्हणावं, रडू नको,” शांतम्मा लेकीला म्हणाल्या. “मायेनंच आणली की तिनं. पण आता म्या तिथं बसते. माझ्यासमोर कर म्हणावं.”

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःचं पातेलं घेऊन पिलारकडे गेल्या. भिंतीला डुकराची खारवलेली तंगडी टांगलेली होती. त्या तंगडीकडे पाठ करून बसल्या. पिलारनं ऑलिव्हच्या तेलात लसूण आणि पाव तळून कुटला, त्यात पालक, चणे घातले. वर काहीतरी भुरभुरलं.

“जिरं हाय की हे!” शांतम्मा म्हणाल्या आणि वाटीभर जेवल्या. पुढं टोमॅटो-काकडीचं थंडगार सार, भाजलेली वांगी, असं बरंच काही दोघींनी एकमेकींची भाषा न कळता केलं.

उदगीरला परतल्यावर त्यांनी ते दोन घासही लपवले नाहीत. जाऊबाई गंगम्मांनी तोंड वाकडं केलं आणि बरेच दिवस त्यांच्या घरचा चहा घेतला नाही. शांतम्मा समजवायला गेल्या नाहीत. नंतर गंगम्मा आपणच यायला लागल्या.