मोशी ते चाकण, एका नाताळच्या जेवणासाठी

निवृत्त पाळक आणि गॅसवरचं दूध, दोन्हींवरून नजर हटवून चालत नाही. मी चार दिवस बहिणीकडे काय गेले, तेवढ्यात आमच्या साहेबांनी नाताळचा अख्खा दौरा फोनवर ठरवून टाकला. साहेब म्हणजे माझे यजमान. पस्तीस वर्षं नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्या त्यांनी सांभाळल्या आणि मी 'पाळकबाई' म्हणून त्यांच्याबरोबर हिंडले. सगळे त्यांना साहेब म्हणत, माझ्याही तोंडात तेच बसलं. निवृत्तीनंतरचा हा पहिलाच नाताळ. एकाही मंडळीची जबाबदारी अंगावर नव्हती, म्हणून आमचा एकुलता मुलगा आशिष म्हणाला होता, "या वर्षी तरी नाताळला आमच्याकडे मोशीला या."

जायचं ठरलं होतं मुलाकडे. साहेबांच्या कागदावर मात्र दापोडी, कासारवाडी, चाकण अशी गावं वाढत गेली. मी म्हटलं, "आली लहर, केला कहर." ते म्हणाले, "अहो, जातोच आहोत तर चार घरं होतील."

बावीस तारखेला सकाळी एसटीत बसलो. साहेबांना ज्येष्ठ म्हणून अर्धं तिकीट, मला बाईमाणूस म्हणून अर्धं. दोघांत मिळून एक अख्खा माणूस प्रवास करतो आमच्यात. शिक्रापूरला उतरून चाकणची गाडी धरली. तुम्ही या वाटेने येणार असाल तर एक सांगते, पोटात काहीतरी टाकूनच निघा. शिक्रापूर ते चाकण रस्त्यावर गाड्या वाहून नेणारे लांबच लांब ट्रेलर पुढे असले की घड्याळाकडे बघण्यात अर्थ नसतो. करंज्यांचा डबा मांडीवर होता, त्यातल्या चार शिक्रापूरच्या पुढेच संपल्या. तीन साहेबांनी खाल्ल्या, हे नमूद करते.

आशिषचं घर सहाव्या मजल्यावर. गॅलरीत लाल कागदी तारा लावलेला, आत सुनेने, पल्लवीने, चकल्यांचा घाणा काढलेला. चहा झाल्यावर साहेबांनी मोठ्या उत्साहाने तो कागद टेबलावर पसरला. आशिषने तो वरपासून खालपर्यंत वाचला.

"पप्पा, यात आमचं घर कुठंय?"

"अरे, आपलं घर काय कार्यक्रमात लिहायचं असतं?"

"सगळ्यांचं लिहिलंय ना," आशिष म्हणाला. मग अगदी शांतपणे, "पंचवीसला माझी सेकंड शिफ्ट आहे. माल जायचाय, सुट्टी नाही. कंपनीची बस सव्वादोनला खाली येते. एक वाजता आपण चौघं एकत्र जेवायचं. एवढंच मागतोय."

तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. पण आशिष सहावीपासून नगरला वसतिगृहात होता. नाताळच्या सुट्टीत घरी यायचा आणि पंचवीस तारखेला साहेब दुसऱ्याच गावात उपासनेला असायचे. चार वाजता, पाच वाजता येणार, तेही लोकांच्या घरचं खाऊन. अडतीस वर्षांच्या आयुष्यात या मुलाने नाताळचं जेवण बापाच्या पंक्तीला बसून केलेलं नाही. आमचा दिव्याखाली अंधार होता. साहेबांनी मान हलवली, "एक म्हणजे एक." मीही मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "मी आणते यांना हाताला धरून. काळजी करू नकोस."

तेवीस तारखेला दापोडी. मोशीहून नाशिक फाट्यापर्यंत बस आणि तिथून मेट्रोची तीन स्टेशनं. मेट्रोत बसायला जागा मिळाली, गार हवा मिळाली, साहेब म्हणाले, "उतरायलाच नको." दापोडीच्या रुळांजवळच्या गल्ल्यांत तिथल्या मंडळीबरोबर घरोघर नाताळची गाणी म्हणत फिरलो. ढोलकी, झांज, पुढे तारा लावलेली काठी. आमच्यात रीत अशी की प्रत्येक घरात प्रार्थना करायची आणि प्रत्येक घरात काहीतरी तोंडात टाकायचं. नाही म्हणायचं नाही. सातव्या घरी शेवेचा लाडू घशाखाली उतरेना. शेजारच्या बौद्ध घरातल्या आजी दारात उभ्या होत्या. "आमचं दार वलांडून चालले व्हय?" असं म्हणून त्यांनी सगळ्यांना आत घेतलं, एक गाणं म्हणून घेतलं आणि वर पोहे खायला घातले. त्या पोह्यांत दाणे भरपूर होते आणि ते खरंच चांगले होते.

येताना कासारवाडीला उतरून एका जुन्या ओळखीच्या, आता अंथरुणाला खिळलेल्या परिचारिकेकडे गेलो. तिच्याजवळ तासभर बसलो आणि संध्याकाळी घरी.

चोवीसला सकाळी जरा मोकळीक होती, म्हणून रिक्षाने आळंदीला गेलो. साहेब ख्रिस्ती कीर्तन करतात आणि त्यांच्या टाळांपैकी एकाला चीर गेली होती. टाळ घ्यायचे तर आळंदीलाच, असा त्यांचा हट्ट. इंद्रायणीकाठच्या दुकानदाराने यांचा पांढरा सदरा-टोपी पाहून विचारलं, "महाराज कुठले?"

"नगरचे. कीर्तन करतो."

"कुणावर?"

"येशूवर."

दुकानदाराने हातातली जोडी खाली ठेवली आणि दुसरी पुढे केली. "मग ही घ्या. हिचा आवाज लांब जातो." त्याने सांगितलेल्या किमतीत साहेबांनी घासाघीस केली नाही, मला करू दिली नाही. आवाज खरंच लांब जातो, रिक्षात मोशीपर्यंत मी ऐकलाय.

आता पंचवीस. चाकणला कंत्राटी कामगारांची एक छोटी मंडळी आहे, बहुतेक जालना-परभणीकडची माणसं. एका दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये सकाळी आठला उपासना. आम्ही सातलाच निघालो, रस्ता मोकळा मिळाला, अर्ध्या तासात पोचलो. आणि साहेबांनी काय करावं? वीस मिनिटांत संदेश, म्हणजे प्रवचन, संपवला. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. लोक वर बघायला लागले की झालं का खरंच. दहाला सगळं आटोपून आम्ही खाली उतरलो होतो. साहेब रिक्षाला हात करत होते.

तेवढ्यात जिन्यात एक मुलगी दिसली. विशीची असेल, अश्विनी नाव, छातीशी बारा दिवसांचं बाळ आणि ते रडून रडून लाल झालेलं. नवरा फर्स्ट शिफ्टला. आई गावाहून यायची होती, तिचाच पाय मोडला.

"पाळकबाई, याला न्हाऊ घालायचं भ्याव वाटतंय वो," ती म्हणाली. "तीन दिस नुसतं पुसून घेतलंय. हातातून निसटलं तर?"

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? साहेबांना म्हटलं, "पाच मिनिटं." तिची खोली मागच्याच गल्लीत होती. पाणी तापवलं, तेल कोमट केलं, पाय पसरून बसले आणि बाळाला पायांवर घेतलं. चोळून, न्हाऊ घालून, ओव्याची धुरी देऊन गुंडाळलं तसं ते गपकन झोपलं. मग बघते तर त्या पोरीनेच सकाळपासून काही खाल्लेलं नाही. मग तिला शिरा केला. मग तिला न्हाणीत पाठवलं. मग तिचं डोकं पुसून दिलं. ती रडायला लागली, मग तिच्याजवळ बसले.

बाहेरून साहेबांचा आवाज यायचा, "अहो, अकरा वाजले." "अहो, बारा." मी प्रत्येक वेळी "झालंच" म्हणत होते. शेवटी ते दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सुशीला, आशिष." एवढंच. तेव्हा पावणेएक झाले होते.

चाकणचा चौक दुपारी कसा असतो, हे ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. सकाळी अर्ध्या तासाचा रस्ता, त्याला आम्हाला दोन तास लागले. कुरुळीच्या अलीकडे रिक्षा जागची हलेना. फोन केला, तो पल्लवीने उचलला. आशिष बोलायला आला नाही.

पावणेतीनला दार उघडलं. टेबलावर चार ताटं मांडलेली. मटणाच्या रश्शावर चरबी थिजलेली, पुऱ्या वातड झालेल्या. पल्लवी म्हणाली, "दोनपर्यंत ताटावर बसून होते. जेवले नाहीत. तसेच गेले."

आणि साहेब चटकन म्हणाले, "माझंच लांबलं गं. माझीच चूक."

मी गप्प बसले. लाज वाटते लिहायला, पण मी गप्प बसले. चप्पल काढता काढता माझ्या लक्षात आलं की हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलेय. कुणाची बाळंतीण अडली, कुणाची सून माहेरी निघाली, कुणाला रात्रभर ताप, की मी पदर खोचून बसायचे. आणि पोराजवळ बिल फाडलं जायचं ते साहेबांच्या नावावर. ते स्वतःच फाडायचे. मी कधी थांबवलं नाही. बापावर रुसलेला आशिष माझ्या कुशीत यायचा आणि मला ते, खरं सांगते, आवडायचं.

आशिषची जेवणाची सुट्टी साडेसातला असते. पल्लवीने रस्सा गरम केला, नव्या पुऱ्या तळल्या आणि आम्ही तिघं रिक्षाने परत चाकणच्या दिशेने निघालो. कंपनीच्या गेटवरचा सुरक्षारक्षक म्हणाला, "आत नाही सोडता येणार काका. त्या बाकावर बसा, मी निरोप देतो." चांगला माणूस, त्याने स्वतःची खुर्चीही आणून दिली.

आशिष आला. निळा युनिफॉर्म, जड बूट, डोक्यावर जाळीची टोपी. डब्याकडे बघितलं आणि बापाला म्हणाला, "संदेश लांबला का?"

साहेब तोंड उघडणार तोच मी म्हटलं, "नाही. वीस मिनिटांत संपला. मी लांबवलं. एक ओली बाळंतीण होती, तिच्याकडे बसले. हे तीन वेळा हाका मारून थकले. आणि आजचंच नाही, आशिष. तुझ्या लहानपणचे निम्मे नाताळ मी लांबवलेत. हे आपल्यावर घ्यायचे आणि मी घेऊ द्यायचे."

साहेब म्हणाले, "जाऊ दे ना आता."

"जाऊ नका देऊ," मी म्हटलं.

आशिष बाकावर बसला. बराच वेळ डब्याचं झाकण उघडेना, नुसता त्यावर हात ठेवून बसला. मग म्हणाला, "मला माहितीय, मम्मी. मी काय बारकं पोर होतो का, मला दिसायचं सगळं."

"मग कधी बोलला का नाहीस? पप्पांवरच का चिडायचास?"

"तुझ्यावर पण चिडलो असतो, तर मला राहिलं कोण असतं?"

मी रडले. त्या गेटवर, ट्रकवाल्यांदेखत, पदर तोंडाला लावून चांगली रडले. साहेबांनी आशिषच्या पाठीवर हात ठेवला आणि दोन ओळींची प्रार्थना केली. वीस मिनिटं होती, त्यातली आठ गेली होती. उरलेल्या बारांत चौघांनी मांडीवर ताटल्या घेऊन मटण-पुऱ्या खाल्ल्या. आशिषने बापाच्या ताटलीत नळी टाकली. रक्षकालाही दिलं.

सत्तावीसला आम्ही नगरला परत आलो. तुम्ही या भागात फिरायला जाणार असाल तर मेट्रो घ्या, आळंदीला सकाळी जा, आणि चाकणहून कुणाला वेळ देऊ नका. दिलीच तर दीड तास आधी निघा. बाळाचं बरं चाललंय, अश्विनी फोटो पाठवते.

आणि काल एक गोष्ट झाली. दुपारी मी शेजारच्या वाडीत एका घरी प्रार्थनेला गेले होते, मोबाईल पिशवीत राहिला. बाहेर येऊन बघते तर आशिषचे सहा फोन. लावला, तर पलीकडून आवाज चढलेला. "मम्मी, कुठं असतेस तू? फोन कशाला ठेवतेस मग जवळ? मी काय वेडा म्हणून सहादा लावतोय? दरवेळेचं आहे तुझं हे." आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्यावर ओरडला. मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसले आणि सगळं ऐकून घेतलं. त्याचं संपलं, तेव्हा म्हटलं, "अजून काही राहिलंय का रे? बोल, मी आहे."