दिव्यातल्या दुकानातलं नाव

डोंबिवलीच्या प्रमोदिनी ओगले डी.फार्म. झालेल्या. नोंदणीही त्यांनी चालू ठेवली होती. पण लग्नानंतर दुकानात उभं राहून त्यांनी कधी औषधं विकली नाहीत. मेडिकलमध्ये फार्मासिस्ट हजर हवा, असा कायदा आहे. दिवा स्टेशनजवळच्या महेंद्रच्या दुकानात त्यांच्याऐवजी अकरा वर्षं त्यांचं प्रमाणपत्र हजर होतं. "मॅडम, तुम्ही यायची गरजच नाही," असं महेंद्र म्हणाला होता. त्यांनाही ते सोयीचं होतं.

गेल्या वर्षी कुठल्याशा कागदावर सही हवी होती, म्हणून त्या पहिल्यांदा दुकानात गेल्या. तेवढ्यात कडेवर मूल घेतलेली एक बाई आली. तिने सर्दीचं सिरप मागितलं. महेंद्रने बाटली काढून दिली.

"बाळ केवढं आहे गं?" प्रमोदिनींनी विचारलं.

"दीड वर्षाचा, काकू."

"मग हे देऊ नकोस. चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं बाटलीवरच लिहिलंय. सरकारने छापायला लावलंय ते. डॉक्टरांना दाखव त्याला."

"आधी दोनदा दिलंय की. मस्त झोपतो," असं म्हणत तिने बाटली पिशवीत टाकली आणि ती गेली.

महेंद्र हसला. "मॅडम, मी नाही दिलं तर पलीकडचा देईल."

काउंटरच्या वर, काचेत, त्यांचं नाव आणि चोविसाव्या वर्षीचा फोटो होता. प्रमोदिनी सही न करताच परतल्या.

त्याच आठवड्यात ठाण्याच्या औषध प्रशासनाच्या कार्यालयात त्यांनी पत्र दिलं, की आजपासून मी त्या दुकानाची फार्मासिस्ट नाही.

"आतापर्यंत रोज जात होतात?" तिथल्या अधिकाऱ्याने विचारलं.

"नाही."

"मग तेही लिहून द्या."

त्यांनी लिहून दिलं. चौकशी झाली आणि त्यांची नोंदणी सहा महिन्यांसाठी निलंबित झाली.

"गुपचूप नाव काढून घ्यायचंस," त्यांचे यजमान श्रीपाद वैतागून म्हणाले. "खरं सांगायला कोणी सांगितलं होतं?"

"विचारलं त्यांनी," प्रमोदिनी म्हणाल्या.

महेंद्रचं दुकान महिनाभर बंद राहिलं. मग दुसऱ्या कुणाचं तरी प्रमाणपत्र लावून ते उघडलं. ती बाई आणि तिचं मूल प्रमोदिनींना पुन्हा दिसली नाहीत.

निलंबन संपलं. आता त्या ठाकुर्लीच्या एका मेडिकलमध्ये सकाळपासून दोनपर्यंत उभ्या असतात. मुलाचं वय विचारल्याशिवाय सिरप देत नाहीत. काही गिऱ्हाइकं चिडून निघून जातात. मालकाने एकदोनदा सुचवून पाहिलं, की जरा कमी विचारत जा. त्यांनी ऐकून घेतलं. विचारणं सोडलेलं नाही.