वर्धेपलीकडचा हौद

कापसाच्या गाडीमागून चाललं की कोटाला कापूस चिकटतोच. माझ्या किश्श्यांचं तसंच आहे. भाऊसाहेब अमरावतीचे वकील, नागपूरच्या कौन्सिलात वऱ्हाडचे मेंबर, आणि मी त्यांचा कारकून. मुद्दाम काही गोळा केलं नाही.

बडनेऱ्याचे गाडीवान रहमानभाई एकदा रडत आले. कापसाची सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या फाटकापुढे गाड्यांच्या रांगेत दिवसभर जुंपलेला त्यांचा बैल तहानेनं बसला, तो उठलाच नाही.
"भाऊसाब, एक कायदा करा. फाटकापाशी हौद पायजे. दुसरा बैल तरी वाचन."
भाऊसाहेबांनी तिथल्या तिथे तीन ओळींचा मसुदा लिहिला. सरकारी मसुदेवाल्यांकडून तो अकरा पानांचा होऊन आला. रहमानभाईंनी पानं उलटून विचारलं, "याच्यात पानी कुठीसा हाय?"
पाणी नवव्या पानावर होतं.

*

काकूंना, म्हणजे भाऊसाहेबांच्या मंडळींना, मी समजावून सांगितलं की बिल कौन्सिलात तीनदा वाचतात.
काकू म्हणाल्या, "माह्यं पत्र एकदा वाचा म्हना."

*

मग बिल सिलेक्ट कमिटीकडे गेलं. बैल म्हणजे काय, यावर तिथे दोन दिवस खल झाला. रेडा धरायचा का? खेचर? शेवटी व्याख्या ठरली: 'बैल या शब्दात घोड्याचाही समावेश होतो.'
मी ही बातमी सांगितल्यावर रहमानभाई आपल्या बैलाकडे बराच वेळ पाहत राहिले.

*

मतदानाच्या दिवशी आम्हाला धास्ती होती ती अकोल्याच्या शेठजींची. तेही मेंबर, आणि अमरावतीचं ते जिनिंग त्यांचंच. पण शेठजींनी हसत हसत बिलाच्या बाजूनं हात वर केला. "चांगला कायदा आहे, वकीलसाहेब. होऊन जाऊ द्या."
माणूस सुधारला, असं भाऊसाहेब गाडीत मला तीनदा म्हणाले.

*

लाटसाहेबांची सही झाली. रहमानभाई गाडी जुंपून, हार घेऊन दारात आले आणि तो त्यांनी भाऊसाहेबांच्या गळ्यात घातला. त्यांना वाचून दाखवायला मी कायदा उघडला आणि पहिल्याच कलमाशी अडलो. कायदा मध्य प्रांतापुरता होता. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं, तेव्हा नागपूरचा कायदा इथे लागू व्हायला दिल्लीचा वेगळा हुकूम लागतो. तो आपोआप येईल, असं भाऊसाहेब धरून चालले होते. तो आपोआप येत नाही, हे शेठजींना मात्र पक्कं ठाऊक होतं.
"म्हंजे वर्धा नदीच्या पल्याड बैलाले पानी," रहमानभाई सावकाश म्हणाले, "अन् अल्याड?"
"हुकूम यायचा आहे," भाऊसाहेब म्हणाले.
"कवा येईन?"
इतका पडलेला चेहरा मी भाऊसाहेबांचा कोर्टात हरल्यावरही पाहिला नव्हता, आणि मला त्यांची फार दया आली. हार तसाच गळ्यात ठेवून ते उठले, अंगणातल्या विहिरीत पोहरा सोडला, आणि भरलेली बादली स्वतः उचलून बैलापुढे ठेवली.
रहमानभाईंनी बैलाच्या पाठीवर हात ठेवला.
"पी बेटा. दिल्लीचा हुकूम आला."