शिडवालीची जाऊ

शिडवाली आत्याचा या जगात एकाच गोष्टीवर विश्वास होता, तो म्हणजे शिडाला स्वतः मारलेल्या टाक्यावर. बाकी सगळे तिच्या लेखी संशयित. दुकानदारानं हसून विचारपूस केली, तर ती घरी येऊन सामान पुन्हा तपासायची. लाँचवाल्यानं हात देऊन उतरवलं, तर आधी बांगड्या चाचपायची. बेटावर विहीर नव्हती. छपरावरून टाकीत उतरेल तेवढंच पाणी, त्यामुळं टाकीला झाकण सगळेच घालायचे. आत्या झाकणाला कुलूपही घालायची आणि किल्ली गळ्यात बांधायची.

हा स्वभाव काही उगाच झाला नव्हता. तिच्या तरुणपणी पलीकडच्या किनाऱ्यावरून दोन गोडबोले गृहस्थ आले होते. घरात माणसं किती, चूल कुठं, झोपता कुठं, असं अगदी मायेनं विचारून गेले. वर्षभरात पूर्वेच्या किनाऱ्यावरची अख्खी आळी उठली आणि तिथं हॉटेल उभं राहिलं. आत्याचं माहेर त्याच आळीत होतं. तेव्हापासून कुणी गोड बोललं की ती आधी दाराला कडी घालायची.

म्हणून बाहेरची एक पोरगी वही घेऊन लाँचमधून उतरली, तेव्हाच आत्याच्या मनात पाल चुकचुकली. बेटानं पोरीचं नाव दुसऱ्याच दिवशी प्रश्नवाली ठेवलं. तिला म्हणे शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन मांडायचं होतं, इथली माणसं पूर्वी रोज कशी जगायची त्याचं.

"मोडक्या चुली बघायला कोण एवढा समुद्र ओलांडून येतं?" आत्यानं शेजारणीला विचारलं. "हिला चूल नकोय, चुलीखालची जमीन हवीय. मी काही दूधखुळी नाही."

आत्याचं घर अगदी पाण्याला लागून. बेटावर घरांचे कागद नव्हते. जो राहिला त्याचं घर, आणि कोण राहिलं ते शेजाऱ्यांना ठाऊक. या घरात दोन भाऊ राहिले होते आणि त्यांच्या दोन बायका. भाऊ दोघेही गेले. थोरली जाऊ पलीकडच्या किनाऱ्यावर लेकाकडं राहायला गेली, तिलाही आता बरीच वर्षं झाली. पण अर्धं घर तिचंच, हे सगळं बेट सांगू शकत होतं. हॉटेलवाल्यांनी जावेला गाठलं आणि तिनं आपला हिस्सा देऊन टाकला, तर? उरलेल्या अर्ध्यात आपल्याला कोण राहू देणार?

मग ती दारोदार फिरली. "या घरात मी आणि माझा नवरा, दोघंच राहिलो. बाहेरच्या माणसापुढं जावेचं नाव काढाल तर याद राखा. मी जरी नंतर काही बोलले, तरी तुम्ही तोंड उघडायचं नाही. म्हातारपणी मला कुणी गोड बोलून फसवलं तर?"

पूर्वेची आळी सगळ्यांना आठवत होती. सगळ्यांनी शब्द दिला.

प्रश्नवाली आली, तेव्हा आत्यानं ताकाला तूर लागू दिली नाही.

"आत्या, चूल कुठं होती?"

"आम्ही किनाऱ्यावरच शिजवायचो."

"आणि वादळात?"

"वादळात उपाशी."

"शीड एकट्याच शिवायचात? एवढं मोठं?"

आत्याचा हात जरासा थांबला. मोठं शीड एकटीला कधीच जमत नाही. दोन टोकांना दोघी बसायच्या, शिवत शिवत मधे भेटायच्या. तिला सुई धरायला शिकवली ती थोरलीनंच. बोटींना इंजिनं आली आणि शिडांचं काम गेलं, तेव्हा दुकानांचे कापडी पडदे शिवायचं थोरलीलाच सुचलं होतं, म्हणून तर दोघींची चूल पेटती राहिली.

"एकटीच," आत्या म्हणाली. "हात लांब होते माझे."

प्रदर्शनाच्या दिवशी सगळं बेट हॉलमध्ये लोटलं. भिंतीवर कुणाच्या तरी जुन्या पेटीतला एक फोटो मोठा करून लावला होता. वाळूवर शीड पसरलेलं आणि दोन टोकांना दोन बायका. खाली लिहिलं होतं, 'शीड शिवणारी स्त्री आणि तिची मदतनीस. मदतनिसाचं नाव माहीत नाही.' लोक वाचायचे, खोकायचे आणि पुढं सरकायचे.

तेवढ्यात दारात काठी वाजली. थोरली जाऊ! आली हिस्सा मागायला, नेमकी चारचौघांत!

थोरली सरळ फोटोपाशी गेली. प्रश्नवालीनं तिला खालची ओळ वाचून दाखवली. "आजी, ही दुसरी बाई कोण, तुम्हाला सांगता येईल?"

थोरलीनं आत्याकडं पाहिलं. आत्यानं गळ्यातली किल्ली मुठीत धरली.

"नाही गं पोरी," थोरली म्हणाली. "असेल कुणीतरी, कामापुरती आलेली."

जाताना ती आत्यापाशी क्षणभर थांबली. हळूच म्हणाली, "हॉटेलवाले आले होते माझ्याकडं. मी सांगितलं, घर धाकटीचं आहे, मला विचारू नका. तेवढंच सांगायला आले होते तुला." आणि परतीची लाँच गाठायला निघून गेली.

आत्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती प्रश्नवालीकडं धावली. "ती माझी जाऊ आहे! थोरली! तिनंच मला शिवायला शिकवलं. खोड ते, आणि नीट लिही!"

प्रश्नवाली गोंधळली. "पण आत्या, तुम्हीच म्हणालात एकटी शिवायचात. आणि त्या आजीही नाही म्हणाल्या." तिनं लोकांकडं पाहिलं. "तुमच्यापैकी कुणी ओळखतं का त्यांना?"

कुणी छताकडं पाहिलं, कुणी जमिनीकडं.

"अरे, सांगा ना!" आत्याला रडू फुटलं.

शेजारणीनं पुढं होऊन तिला जवळ घेतलं आणि कानाशी कुजबुजली, "घाबरू नकोस, आत्या. तू कितीही रडलीस ना, तरी आमच्यातलं कुणी बोलणार नाही."